सातारा–कास–बामणोली–सातारा: एका दिवसाच्या सायकल राईडबद्दल सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की मला मेसेज सुरू होतात. कास फुललं का, सायकलवर जमेल का, बामणोलीपर्यंत जाऊन यायचंय, माझी साधी हायब्रिड आहे चालेल का. दर वर्षी तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागलाय म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी साताऱ्याचाच, या रस्त्यावर किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही, पण तीन वेळा सायकल हातात धरून चालत वर आलोय ते पक्कं लक्षात आहे.

राईड एकूण किती किलोमीटरची?

साताऱ्यातून कास पठार साधारण चोवीस-पंचवीस, तिथून पुढे बामणोली अजून बारा-तेरा. म्हणजे जाऊन येऊन पंच्याहत्तर धरा. हा आकडा ऐकून पुण्याची पोरं "मग काय, दहाला परत" असं म्हणतात. म्हणू द्या.

चढ किती आहे?

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरवर, कास पठार बाराशेच्या आसपास, आणि बामणोली कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, म्हणजे ६६० मीटरच्या आसपास. आता तुम्हीच हिशोब करा. आधी साडेचारशे-पाचशे चढायचं, मग साडेपाचशे मीटर खाली उतरायचं आणि तेच साडेपाचशे परत चढायचं. मधले छोटे चढउतार धरून तेराशे मीटरच्या जवळपास जातं, माझं घड्याळ दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं त्यामुळे त्यावरून भांडू नका.

जाताना चढ असेल तर येताना उतारच असणार ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि हे सगळं लिहिण्याचं खरं कारण हाच आहे.

नाही. अजिबात नाही. सिंहगडाला किंवा यवतेश्वरला (साताऱ्याला लागूनच असलेला पहिला घाट) नुसतं जाऊन आलं तर ते खरं असतं, वर जायचं, चहा प्यायचा, सुसाट खाली. इथे तुमचा टर्निंग पॉइंट खड्ड्यात आहे. बामणोली या सगळ्या रस्त्यावरचं सगळ्यात खालचं ठिकाण, साताऱ्यापेक्षाही खाली. म्हणजे खरा घाट येताना लागतो, पोट भरलेलं असताना, ऊन डोक्यावर असताना, आणि निम्मी ताकद यवतेश्वरला मित्रांसोबत रेस लावून घालवलेली असताना.

पहिल्यांदा आम्ही तिघं गेलो होतो. सकाळी यवतेश्वर असा काही चढलो की बस, आपलंच आपल्याला कौतुक. कासवरून खाली उतरताना तर एवढा वेग की डोळ्यातून पाणी. बामणोलीत टपरीवर सायकली टेकवल्या, मावशी चहा गाळत होत्या, त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं, सायकलींकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "उतरलासा झ्याक, आता वर कवा जायाचं?" आम्ही हसलो. मग माशाची थाळी मागवली, वर दोन भाकरी एक्स्ट्रा, मग जरा वारं खात आडवे झालो आणि एक वाजता निघालो. पाचव्या का सहाव्या वळणावर माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय पॅडलवरून उचलता येईना, सायकलसकट आडवा झालो कडेच्या गवतात. दंडावर मिठाचा पांढरा थर जमलेला. तेवढ्यात मागून एसटी आली, ड्रायव्हरने गाडी हळू केली, खिडकीतून डोकं काढून विचारलं, "टाकायची का वर?" आणि आम्ही तिघांनी एकदम, एका सुरात, "नको नको, मजेत आहे!" म्हणून सांगितलं. एसटी वळणाआड गेली आणि पुढचे तीन किलोमीटर आम्ही एकमेकांशी न बोलता सायकली ढकलत चाललो. तेव्हापासून मी सांगतोय की यवतेश्वर म्हणजे वॉर्मअप समजा, परीक्षा बामणोली ते कास आहे.

मग दिवसाचं टायमिंग कसं ठेवायचं?

पावणेसहाला निघा, लाइट लावून. राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे आणि तिथून यवतेश्वरच्या रस्त्याला. सव्वासात-साडेसातपर्यंत यवतेश्वर पार, नऊच्या आत कास, दहाला बामणोली. तिथे फार तर तासभर. अकराला परतीचा चढ सुरू करायचाच, कारण कासला पोचायला सव्वा ते दोन तास जातात, आणि एकदा कास तलाव मागे पडला की मग जीवात जीव येतो. तीनपर्यंत आरामात साताऱ्यात. बाराला बामणोलीतून निघालात तर काही बिघडत नाही, फक्त ऊन लागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

यवतेश्वरचा घाट अवघड आहे का?

पाच-सहा किलोमीटर. तीव्र आहे पण भयंकर नाही, दर वर्षी सातारा हिल मॅरेथॉनवाले हजारोंनी पळत चढतात हा रस्ता. पहिला किलोमीटर सगळ्यात वाईट वाटतो कारण अंग गरम झालेलं नसतं. अर्ध्यावर मागे वळून बघा, खाली अख्खं सातारा आणि मध्ये अजिंक्यतारा बसलेला दिसतो. वरती आल्यावर रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि ही या राईडची खरी गंमत आहे, डाव्या हाताला उरमोडीचं पाणी आणि पलीकडे सज्जनगड, उजव्या हाताला कण्हेरचं पाणी. दोन्हीकडे दोन धरणं आणि मधून आपण.

आणि बामणोलीवरून कासला येणारा चढ?

साडेपाचशे मीटर, साडेबारा किलोमीटरमध्ये, म्हणजे सरासरी साडेचार टक्के निघते. ऐकायला काहीच नाही. पण सरासरी फसवी असते, मध्ये सपाट तुकडे आहेत, त्याची भरपाई करणारे आठ-नऊ टक्क्यांचे तुकडे पण आहेत. झाडी दाट आहे हे नशीब, बराच वेळ सावली मिळते. सावलीत थांबा, उन्हात थांबू नका. आणि एक अनुभवाचा सल्ला, पुढचं वळण बघून "हे शेवटचं" असं स्वतःला सांगू नका, अशी शेवटची वळणं मी एकदा अकरा मोजली होती.

कुठली सायकल चालेल? गियर किती पाहिजेत?

रोड बाईक, हायब्रिड, एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल), सगळं चालतं. किती गियर आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गियर कोणता आहे ते बघा. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्याला ३२ असतील तर पॅडलचे मिनिटाला साठ फेरे मारून ताशी आठ किलोमीटरने आरामात चढता येतं, आणि या घाटाला आठचा वेग म्हणजे इज्जतीचा वेग. आता बिनगियरची साधी सायकल घ्या, पुढे ४४ आणि मागे १८. तिच्यावर ताशी आठने चढायचं तर मिनिटाला जेमतेम सव्वीस फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेरा हा जिममधला स्क्वॉट. गुडघे तुमचे आहेत, ठरवा. (आमच्याकडे एक काका दुधाच्या सायकलवर यवतेश्वर चढायचे हे खरंय, पण ते काका होते आणि तुम्ही आयटीत आहात.)

रोड बाईकच्या मागे २५ किंवा २८ दातांची बारीक कॅसेट (मागच्या चक्रांचा गठ्ठा) असेल तर दुकानात जाऊन ३२ किंवा ३४ ची बसते का विचारा. टायर अगदी २३ मिलिमीटरचे बारीक घालून येऊ नका, पावसाळ्यानंतर रस्ता उखडलेला असतो.

इलेक्ट्रिक सायकल चालेल?

चालेल की. फक्त बॅटरी परतीच्या चढासाठी राखून ठेवा, जाताना यवतेश्वरला फुल असिस्टवर उडवली तर बामणोलीत तुमच्याकडे पंचवीस किलोचं ओझं उरतं. आणि "ही चीटिंग आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, माझी बायको असल्याच सायकलवर येते आणि वर माझी वाट बघत बसते.

पंक्चर झालं तर?

यवतेश्वर सोडलं की पंक्चरवाल्याच्या भरवशावर राहू नका. स्पेअर ट्यूब दोन, टायर काढायचे चिमटे, हातपंप, सोल्युशन आणि पॅच, चेनची एक क्विक लिंक, अॅलन कीचा सेट. एवढं तर पाहिजेच. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. रोड बाईकचा व्हॉल्व्ह बारीक सुईसारखा असतो, गावातल्या हवेच्या नळीला तो बसत नाही. पितळेचा छोटासा अॅडॅप्टर मिळतो, नखाएवढा, चहा-वडापावच्या किमतीत. तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, पिशवीत ठेवला की हरवतो. माझा एक मित्र पठारावर सव्वा तास थांबला होता या नखाएवढ्या तुकड्यासाठी, समोर मोटरसायकलवाल्याचा फुटपंप असून.

उतारावर ब्रेकचं काय?

हे जरा नीट वाचा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. रिम ब्रेक असेल तर रिम तापते, इतकी की बोट लावलं तर चटका बसतो, आणि लांब उतारावर ट्यूब फुटायची भीती असते. सरळ रस्त्यावर सोडा, वळणाच्या आधी दाबा, वळणात दाबू नका. पुढचा-मागचा दोन्ही वापरा. डिस्कवाल्यांनाही हेच.

निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एकदा पाहुण्याला भाड्याने सायकल घेऊन दिली, दुकानदार म्हणाला कालच सर्व्हिसिंग केलंय, आम्ही विश्वास ठेवला. कासच्या पुढच्या उतारावर मागून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, थांबवून बघतो तर पॅडचं रबर संपून आतलं लोखंड रिमवर घासतंय, रिमवर गोल चकचकीत चरा. पाहुणा बिचारा पुढच्या एकाच ब्रेकवर मुंगीच्या पावलाने खाली आला आणि परत टेम्पोने गेला.

यवतेश्वर उतरताना वेगळीच पिडा, माकडं. कठड्यावर रांगेत बसलेली असतात कारण गाडीवाले थांबून केळी देतात. केळं हँडलबारच्या पिशवीत उघडं ठेवू नका. शिवाय वळणावर गाडी आडवी लावून फोटो काढणारे लोक, त्यांचा आणि माकडांचा अंदाज येत नाही.

खायचं काय आणि कधी?

भूक लागायच्या आधी. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका, राजगिऱ्याची वडी, खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे, केळं. महागडी जेलची पाकिटं घेतली तर हरकत नाही पण गरज पण नाही. पाणी दोन बाटल्या, एकीत साधं, एकीत इलेक्ट्राल नाहीतर लिंबू-मीठ-साखर. बामणोलीत दोन्ही भरून घ्या, वर चढताना मध्ये पाण्याचा भरवसा नाही.

थाळीबद्दल. बामणोलीत मासे छान मिळतात, पिठलं-भाकरी पण मिळते, मी नको म्हणणार नाही कारण त्यासाठीच निम्मे लोक येतात. पण अर्ध्या पोटी उठा. एक भाकरी, थोडा भात, ताक. तर्रीचा रस्सा वाटीभरून प्यायला की तो घाटात परत भेटायला येतो, सविस्तर सांगत नाही.

कधी जावं? फुलं कधी असतात?

फुलांसाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. पाऊस कसा झाला त्यावर मागेपुढे होतं. कास म्हणजे जांभ्या दगडाचा सडा (सपाट माथा) आहे, वर मातीचा पातळसा थर, त्यामुळे मोठी झाडं फारशी नाहीत आणि ही सगळी बुटकी फुलं. तेरडा फुलला की गुलाबी, सोनकी आली की पिवळं, आणि गुडघ्यावर बसून बघितलं तर सीतेची आसवं, निळी-जांभळी, शेंगदाण्यापेक्षा लहान. ही वनस्पती बारीक किडे खाते, एवढीशी असून. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदा. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यात कास पण आहे, त्यामुळे सीझनमध्ये तिकीट, ऑनलाइन बुकिंग, वाहतुकीचे बदल हे सगळं असतं आणि दर वर्षी थोडं वेगळं असतं. निघायच्या आधी चेक करा. सायकल पठारावर घालायची नाही, एका टायरच्या पट्ट्यात किती रोपं जातात ते वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

नुसती राईडच करायची असेल तर माझं मत, नोव्हेंबर-डिसेंबर. फुलं नाहीत पण गर्दी पण नाही, हवा स्वच्छ, जलाशय भरलेला. जून-जुलैत जाऊ नका, धुकं असं असतं की स्वतःचं पुढचं चाक दिसत नाही, आणि गाडीवाल्याला तर तुम्ही अजिबातच दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये पाणी खूप खाली गेलेलं असतं, काठाला चिखलाच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात.

वारा असतो म्हणतात?

असतो आणि सप्टेंबरात जोरात असतो, पश्चिमेकडून. म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर. जाताना यवतेश्वर ते कास या सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर वेग येत नाही म्हणून घाबरू नका, पाय गेले नाहीत तुमचे, वारा आहे. थंडीत सकाळी उलटं असतं पण जोर कमी.

कास तलावाचं पाणी पिता येईल?

बाटली भरायला उतरू नका. हे पाणी सातारा शहराला जातं, तेही पंप न लावता, नुसत्या उताराने. आमच्या घरी नळाला येतं त्यातलं. तुम्ही तिथे पाय धुता तेव्हा आमचा चहा आठवा.

बामणोलीत बघायला काय आहे?

पाणी. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि हेळवाकच्या धरणाने अडवलेली ती इथपर्यंत पसरलीय. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, साठच्या दशकात पाणी अडलं आणि खोऱ्यातली गावंच्या गावं खाली गेली. काही लोकांना ठाणे-रायगडकडे जमिनी दिल्या, काही इथेच वर सरकून राहिले. टपरीवर कुणी म्हातारे बाबा भेटले आणि तुम्ही "तुमचं गाव कुठलं" विचारलंत तर ते बोट पाण्याकडे करतात. मला असे दोन भेटलेत. घाई असली तरी तेवढी पाच मिनिटं बसा.

त्याच दिवशी वासोटा किल्ला होईल?

नाही. वासोट्याला बोट, वनखात्याची परवानगी, मग जंगलातून चढाई, तो स्वतंत्र दिवस आहे. पावसाळ्यात बंदही असतो.

परत चढायचंच नसेल तर काही मार्ग आहे?

आहे, पण तो पण चढाचाच आहे. बामणोलीतून बोटीने तापोळ्याला आणि तिथून महाबळेश्वर, साधारण पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटर आणि सातशे मीटर चढ. सायकल बोटीत घेतील का आणि किती घेतील हे बोटवाल्यांशी आधी बोलून घ्या. नाहीतर बामणोली–सातारा एसटी. ड्रायव्हर-कंडक्टरच्या मूडवर आहे, पण "टाकायची का" असं विचारलं तर यावेळी हो म्हणा.

जंगली जनावरं?

पठाराच्या पुढे बामणोलीकडे गवे दिसतात, मी रस्त्यावर पाच-सहाचा कळप बघितलाय. पहाटे आणि संध्याकाळी जास्त. गवा दिसला तर थांबा, सायकलवरून उतरा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका. तो जातो. त्याला घाई नसते, तुम्हालाही नको. अंधार पडायच्या आत कास ओलांडायचं हेही एक कारण.

एकटी मुलगी जाऊ शकते का?

माझी बहीण गेलीय, तिच्याच शब्दात: रस्ता सुरक्षित वाटला, त्रास गाडीवाल्यांच्या शेरेबाजीचा, तोही फक्त रविवारी. बाथरूमचा प्रश्न मात्र आहे, कास आणि बामणोली सोडून मध्ये भरवशाचं काही नाही. मोबाईलची रेंज बामणोलीच्या बाजूला येते-जाते, त्यामुळे घरी वेळ सांगून ठेवा, हे मुलांनाही लागू.

माझं वय बावन्न आहे, जमेल?

सलग तीन महिने आठवड्यातून तीनदा चालवत असाल आणि कात्रजचा जुना घाट किंवा सिंहगड न थांबता जमत असेल तर जमेल. त्याहून चांगली परीक्षा अशी, एकच घाट एका सकाळी दोनदा चढा, मध्ये पोहे खाऊन. दुसऱ्यांदा जे वाटतं ते म्हणजे बामणोली. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, मला नको.

पुण्या-मुंबईवरून सायकल कशी आणायची?

गाडीच्या मागे रॅक लावून सगळ्यात सोपं, पुणे–सातारा एकशे दहाच्या आसपास. रेल्वेने आणलीत तर लगेज बुक करावं लागतं आणि सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे, तिथून पाच-सहा किलोमीटर चढत शहरात या, तेवढाच सराव. आदल्या रात्रीच या. पहाटे तीनला पुण्यातून निघून, न झोपता थेट घाटाला लागणारे लोक मी वर्षाला दोन-तीन तरी बघतो, कास तलावाच्या काठावर, झोपलेले.

सप्टेंबरच्या रविवारी गेलं तर चालेल का?

नाही. मंगळवारी सुट्टी टाका.